आठव्या प्रश्नाला आईनं काय दाबलं

सणसवाडीच्या एका कारखान्यात मी तपासणीच्या टेबलावर बसते. गाड्यांना लागणारे, मधे भोक असलेले रबराचे छोटे बुश माझ्यासमोर येतात. एका हातात बुश, दुसऱ्या हातात माप घ्यायचं गेज. गेजचं एक टोक बुशात गेलंच पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये, एवढं बघायचं आणि कागदावर खूण करायची. अकरा वर्षं हेच करतेय. त्यामुळे मला एक वाईट खोड लागली आहे. कोणी काही छातीठोकपणे सांगितलं की माझ्या तोंडात आधी येतं, मोजलं कशानं? नवरा म्हणतो, हिला भाकरी वाढली तर ही आधी तिची गोलाई बघेल.

ही खोड मी आईच्या बाबतीत वापरली, पण ती गेल्यावर. जिवंत होती तोवर तिच्याबद्दल मी सगळं डोळे झाकून पास करत होते.

आई वरवंडजवळ मळ्यात राहायची. भाऊ आणि वहिनी हायवेलगतच्या नव्या घरात गेले, तरी तिनं मळ्यातल्या त्या दोन खोल्या सोडल्या नाहीत. झेंडू, शेवंती, कडेला मेथीचे चार वाफे, एवढा तिचा संसार. म्हातारीला एकटी ठेवली म्हणून लोक भावाला नावं ठेवायचे, आणि तो बिचारा सांगत फिरायचा की तीच येत नाही. तिनं तसं तोंडानं कधी म्हटलं नव्हतं. ती नुसती गेली नाही. आमच्याकडच्या बायका आपल्याला काय हवं ते सांगत नाहीत. विचारलं की "मला काय, कसंबी चालतंय" म्हणतात, आणि ऐकणाऱ्यानं त्यातून आपल्या सोयीचा अर्थ काढायचा असतो. आज भाजी कोणती करू असं आईला विचारलं तर घरातल्या एकेकाला काय आवडतं ते ती सांगायची. त्यात तिचं स्वतःचं काही नसायचं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर ती फुलं तोडताना घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मी तिला शिरूरला माझ्याकडे आणलं. मीच आणलं, कोणी गळ्यात मारली नव्हती. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, एसटी डेपोच्या मागे. खिडकीशी तिची कॉट टाकली. तिथून गाड्या आत-बाहेर करताना दिसायच्या. रोज सकाळी नऊच्या सुमाराला ती सांगायची, "दौंड गाडी लागली बघ." मी म्हणायचे, हो का. ती गाडी न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून चौफुल्याला जाते आणि चौफुल्यावरून वरवंड हाकेच्या अंतरावर आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. म्हातारीला वेळ घालवायला काहीतरी मिळालं, एवढंच माझ्या डोक्यात यायचं.

तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता वॉकर धरून त्यांना घरी जाऊ द्या. मी म्हटलं, एवढा उन्हाळा होऊ दे. मळ्यातला संडास घरापासून लांब, रात्री-अपरात्री उठणार कशी? उन्हाळा सरताना म्हटलं, आता पाऊस होईल, चिखलात वॉकर चालायचा नाही. दरवेळी ती म्हणाली, "तुमी म्हणाल तसं." दरवेळी मला बरं वाटलं. एक गोष्ट कबूल करते. जिन्यात भेटणाऱ्या बायका म्हणायच्या, लेक असावी तर अशी. ते ऐकायला मला फार आवडायचं.

मे महिन्यात तो खेळ आला. माझी मुलगी तेव्हा नववीची परीक्षा देऊन मोकळी होती. साडेसातला लागणारी एक मालिका आई न चुकता बघायची, तिच्यावरचा हा खेळ मुलीनं घरच्या ग्रुपवर टाकला. या मालिकेतलं तुम्ही कोणतं पात्र? दहा प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं, एक निवडायचं, मग खाली 'पुढे' दाबायचं. शेवटी एक चित्र येतं आणि तुम्ही कोण ते सांगतं. पात्रं पाच होती. थोरली सून, सासू, धाकटी सून, नणंद आणि गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी एक म्हातारी, जी मालिकेत महिन्यातून एकदा दिसायची. सगळ्यांनी खेळून झालं. वहिनी सासू निघाली म्हणून दोन दिवस गाल फुगवून होती. मग मुलगी आजीच्या मागे लागली.

आई चौथी शिकलेली. चष्मा लावून, एकेक अक्षर जोडत वाचायची. मुलगी म्हणाली, मी वाचते, तू सांग. पण आईनं फोन स्वतःच्या हातात घेतला, "माजं मी बघती" म्हणाली आणि नातीला तिथून उठवलं. मला त्याचं नवल वाटलं होतं, एवढं नक्की आठवतं. मी स्वयंपाकघरात होते. डाळीचा कुकर लावलेला, कणिक मळत होते. ओट्यापासून कॉट चार पावलांवर. पहिले प्रश्न ती तोंडातल्या तोंडात वाचून दाबत गेली. मग थांबली. मग जरा मोठ्यानं वाचलं, "आठवा. आत्ता या घडीला तुम्हाला कुठं असावंसं वाटतं?" पुढं बराच वेळ काही नाही. मग तिनं मला विचारलं, "हितं खरं दाबायचं का गं?"

मी म्हटलं, "दाब की काहीही. खेळ आहे तो."

ती थोरली सून निघाली. मुलीनं लगेच ते चित्र ग्रुपवर टाकलं. डोक्यावर पदर घेतलेली थोरली सून, आणि खाली ओळ : तुम्ही सगळ्यांसाठी झिजता, स्वतःसाठी काही मागत नाही. ग्रुपवर सगळे खूश. भावानं लिहिलं, एकदम बरोबर ओळखलं. मावशीनं हात जोडले. आईनं फोन उशीखाली ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून पडून राहिली. दमली असेल असं मला वाटलं.

श्रावणात तिला न्यूमोनिया झाला आणि पाच दिवसांत ती गेली. चौफुल्याच्या रस्त्यानं ती मळ्यात परत गेली ती अशी, आडवी, काचेच्या गाडीत.

दहाव्याच्या आधी वरवंडच्या चौकात फ्लेक्स लावायचा होता. भावानं फोन करून विचारलं, फोटोखाली काय लिहायचं, तुला सुचतं. मला काही सुचत नव्हतं. ग्रुपवरचं ते चित्र डोळ्यासमोर आलं आणि मी त्यातली ओळ क्रियापद बदलून त्याला पाठवली. 'सगळ्यांसाठी झिजली, स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही.' चौकात माणसं थांबून वाचायची आणि माना हलवायची. तेराव्याला भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "आई शेवटाला सुखात व्हती. हिच्याकडं तिचं मन रमलं व्हतं." मी त्या वाक्याला धरून दोन महिने काढले. रडू आलं की तेच वाक्य म्हणायचे आणि कामाला लागायचे.

आईचा फोन माझ्याकडेच राहिला होता. दिवाळीच्या आधी कपाट आवरताना तो चार्जिंगला लावला. त्यात फोटो मोजकेच. झेंडूचे, तिच्या स्वतःच्या अंगठ्याचे, आणि ते चित्र. ग्रुपवर आम्ही त्याचा वरचाच भाग बघितला होता. चित्र लांबलचक होतं, आणि ग्रुपवर लांब चित्राचा मधला-वरचा तुकडाच दिसतो. बोट लावून उघडायचे कष्ट कोणीच घेतले नव्हते. मी उघडलं. थोरल्या सुनेच्या खाली बारीक अक्षरांत यादी होती. थोरली सून ४० टक्के. सासू ४० टक्के. धाकटी सून १० टक्के. नणंद ०. म्हातारी १०.

माझी खोड जागी झाली. दोघी चाळीस-चाळीस असताना थोरलीच कशी जिंकली? आणि त्यामागून दुसरा विचार आला, तो अजून गेलेला नाही. हे आकडे आईनं दाबलेल्या उत्तरांवरून आले आहेत. म्हणजे हे आकडे कसे काढतात ते मला समजलं, तर आठव्या प्रश्नाला तिनं काय दाबलं ते काढता येईल. तिनं मला जे कधी सांगितलं नाही, ते.

मला काय सापडायला हवं होतं ते मला माहीत होतं. मी तो प्रश्न उघडून बघितला. चार उत्तरं होती. 'जे माझी काळजी घेतात त्यांच्याजवळ.' 'देवाच्या दारी.' 'दूर कुठेतरी फिरायला.' आणि 'माझ्या घराच्या उंबऱ्यावर, एकटी.' मला पहिलं हवं होतं. ते निघालं की भावाचं वाक्य खरं ठरणार होतं आणि मला झोप लागणार होती.

कारखान्यात शिकवतात की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. कंपनीच्या बसमध्ये शिरूर ते सणसवाडी, आणि जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात मी खेळत बसले. दहाही प्रश्नांना पहिलंच उत्तर दाबायचं, आकडे लिहायचे. मग फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर बदलायचं, बाकी तेच. आकडे लिहायचे. आठवडाभर केलं आणि वही बघितली तर सगळा गोंधळ. तेच तेच दाबलं तरी आज एक निकाल, उद्या दुसरा. तोच पार्ट, तेच गेज आणि रोज वेगळं माप येत असेल तर आधी माप घेणाऱ्याला बघावं लागतं. मग ध्यानात आलं. खेळ दरवेळी उत्तरांची जागा बदलत होता, आणि मी शहाणी 'पहिलं, दुसरं, तिसरं' असं लिहून ठेवत होते. आठवडा फुकट गेला. वही फाडली आणि उत्तरांचे शब्द लिहून नव्यानं सुरू केलं.

माझ्याशेजारी बसणारी बिहारची मुलगी विचारायची, दीदी, तुम्हाला नेमकं कोण व्हायचंय? मी म्हणायचे, कोणीच नाही. ती हसायची. लाइनवर बातमी पसरली की तपासणीवाल्या ताईंना मोबाइलच्या खेळाचं वेड लागलंय. पसरू दिली. आई गेलेल्या बाईला लोक तीन महिने काही बोलत नाहीत, तेवढी मुदत मी वापरून घेतली.

एकतीस वेळा खेळल्यावर खेळाचं पोट उघडं पडलं. त्यात अवघड असं काहीच नव्हतं. प्रत्येक उत्तर एकेका पात्राच्या नावावर होतं. ते दाबलं की त्या पात्राला दहा टक्के. दहा प्रश्न, शंभर टक्के. बरोबरी झाली तर यादीत जी वर असेल ती जिंकते. यादीत थोरली सगळ्यांत वर होती. मी मुद्दाम धाकटी आणि नणंद बरोबरीत आणून बघितल्या, धाकटी निघाली, कारण ती नणंदेच्या वर. म्हणजे आमची आई थोरली सून होती ती यादी लिहिणाऱ्याच्या हातामुळे. त्यानं सासूचं नाव आधी लिहिलं असतं तर आई सासू निघाली असती, ग्रुपवर हशा झाला असता आणि चौकातल्या फ्लेक्सवर दुसरीच ओळ असती. मला संताप आला. कोण कुठला पोरगा कुठल्या ऑफिसात बसून पाच नावं लिहितो, आणि आम्ही त्यावरून आमच्या आईला ओळखतो.

त्या संतापात एक दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी म्हातारीचा रकाना बघितला. एकतीस ओळींत तीस ठिकाणी शून्य. एकाच ओळीत दहा. बाकी नऊ प्रश्नांत चार उत्तरं चौघींची होती. फक्त आठव्यात नणंदेचं उत्तर नव्हतं, तिच्या जागी म्हातारीचं होतं. 'माझ्या घराच्या उंबऱ्यावर, एकटी.' म्हातारीला दहा टक्के मिळायला संपूर्ण खेळात ही एकच वाट होती. आणि आईच्या चित्रात म्हातारीसमोर दहा होतं.

बस तळेगाव फाट्याच्या पुढे गेली होती. मी एकतीसही ओळी पुन्हा वरपासून वाचल्या.

आम्ही तपासणीवाले पार्ट रिजेक्ट होऊ नये म्हणून कधीकधी पुन्हा पुन्हा माप घेतो. मीही घेतलं. खेळ मधूनच म्हातारीला दहा टक्के फुकट देत असेल, असं धरून बघितलं. देत नव्हता. मग म्हटलं, बोट चुकून लागलं असेल. थरथरतं बोट, बारीक अक्षरं. कारखान्यात अशा वेळी 'कामगाराची चूक' असं लिहून प्रकरण मिटवतात. पण उत्तर दाबलं की ते निळं होतं, आणि 'पुढे' दाबेपर्यंत बदलता येतं. दोनदा दाबावं लागतं. आणि आई तिथं किती वेळ थांबली होती ते मी ऐकलं होतं. मधे कुकरची शिट्टी झाली होती. शेवटी हेही धरून बघितलं की तिनं मला हवं ते उत्तर दाबलं असतं तर काय झालं असतं. ते थोरल्या सुनेच्या नावावर होतं. थोरली पन्नास झाली असती, बरोबरी झालीच नसती. मी तीनदा खेळले. तीनदा पन्नास आलं.

मला माझी शिसारी आली. नऊ महिने ती माझ्या खिडकीशी बसून दौंड गाडी मोजत होती. तिला दुखत होतं तेव्हा मी पाय चेपले, वेळेवर गोळ्या दिल्या, डोक्यावरून पाणी घातलं, आणि जिन्यातल्या बायकांकडून शाबासकी घेतली. उंबरा सोडून सगळं दिलं. आणि तिला विचारलं मात्र कधी नाही, कारण विचारलं तर ती काय म्हणेल ते मला पाठ होतं. आता वाटतं, मला ते पाठ होतं म्हणूनच मी निर्धास्त होते. हे कोणाला सांगू? ज्याला सांगेन तो म्हणेल, तू एवढं केलंस. तेच तर ऐकवत नाही.

तरी भावाला सांगितलं. रविवारी दौंड गाडीनंच गेले, नऊच्या. भीमेच्या पुलावर डोळे मिटून बसले होते. वरवंडला भाऊ मोटरसायकलवर न्यायला आला आणि आम्ही मळ्यात गेलो, त्याला मोटर चालू करायची होती. बांधावर उभी राहून मी त्याला वही दाखवली, सगळं समजावलं. यादी, बरोबरी, म्हातारीचे दहा टक्के. त्यानं शांतपणे ऐकलं. मग वही मिटून माझ्या हातात दिली.

"खेळ हाय त्यो," तो म्हणाला. "कशाला जीव जाळती?"

माझेच शब्द होते. तो मोटरकडे गेला.

आईच्या घराला कुलूप होतं. दारापुढे झेंडूची वाळकी झाडं तशीच उभी होती, कोणी उपटली नव्हती. स्वयंपाकखोलीचा पत्रा पावसात गळायला लागला म्हणून भावानं वर काहीतरी अंथरलं होतं आणि कडांना विटा ठेवल्या होत्या. त्याची एक बाजू दारावर लोंबत होती. तो चौकातला फ्लेक्स होता. फोटोचा भाग वर पत्र्यावर गेला होता. उंबऱ्याच्या बरोबर वर, उन्हानं फिकट झालेली, माझी ओळ तेवढी दिसत होती. सगळ्यांसाठी झिजली, स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही.

मी उंबऱ्यावर बसले. वाऱ्यानं तो फ्लेक्स हलत होता आणि ओळ माझ्या डोक्यावर येत-जात होती. ती खोटी आहे. तिनं मागितलं होतं. खरं दाबायचं का, असं मलाच विचारून, माझ्या घरात, माझ्यापासून चार पावलांवर. मी कणिक मळत होते.